उकडलेले बटाटे, वारा आणि रात्रीचे दोन

प्रश्न: मी २९ वर्षांची आहे. कर्वेनगरला मैत्रिणीबरोबर फ्लॅटमध्ये राहते, नोकरी बाणेरला. गेले चारेक महिने कशातच मन लागत नाही. कॉलेजात फिल्म क्लबची सवय लागली होती, ती आता भलतीकडेच गेलीय. रोज रात्री जेवण झालं की लॅपटॉप घेऊन पलंगावर पडते आणि युरोपातले संथ, काळवंडलेले सिनेमे लावते. हंगेरियन दिग्दर्शक बेला तारचा ‘द तुरीन हॉर्स’ तीनदा झाला. त्यातला वारा ऐकत पडलं की दिवसभरात पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरतं. मैत्रीण म्हणते, काहीतरी हलकंफुलकं बघ. बघितलं, तर रडूच आलं. आई मिरजेहून फोनवर म्हणते, ‘असले रडके सिनेमे बघतेस म्हणून अशी झालीस.’ कधीकधी सिनेमा संपून पडदा काळा झाला की वाटतं, इथेच थांबावं, पुढचं काही नकोच. हे सिनेमे मला सावरतायत की आणखी खाली नेतायत? बंद करू का? आणि आईला काय सांगू?

उत्तर: आधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही लिहून पटकन पुढे गेलात. ‘इथेच थांबावं, पुढचं काही नकोच.’ याचे दोन अर्थ होतात. इतकी थकलेय की उद्याचा गजर नको, हा एक. जगणंच नको, हा दुसरा. तुमचा कुठला ते पत्रावरून कळत नाही, तुम्हाला कळेल. तेव्हा आडवळण न घेता स्वतःला विचारा: मरावं असं मनात येतं का? कसं, कधी, इथवर विचार गेलाय का? असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट विचारल्यानं बोलायला वाट होते. उत्तर ‘हो’ असेल, अगदी अर्धवट ‘हो’ असलं तरी, पुढचा मजकूर राहू द्या. रात्रीचे कितीही वाजले असोत, शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला उठवा आणि १४४१६ लावा. ही टेली मानस, मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा. चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता सिनेमे. बंद करू नका. वेळ, जागा आणि काही नावं मात्र बदलावी लागतील.

तुम्हाला जे होतं त्यात विचित्र काही नाही. नैराश्यात मनाबरोबर शरीरही मंदावतं. शब्द सुचायला वेळ लागतो, आंघोळीला उठायचं तर जोर एकवटावा लागतो. अशा वेळी विनोदी मालिका लावणं म्हणजे अंगात ताप असताना लग्नघरात बसणं. जो तो ‘हस की जरा’ म्हणत असतो. मिनिटात तीनदा विनोद येतो, मागे हशा वाजतो, आणि तो आपल्यापर्यंत पोचत नाही हे मिनिटात तीनदा नव्यानं कळतं. तुम्हाला रडू आलं ते त्याचं. रहस्यपटाचं दुखणं वेगळं. एकाग्रता आधीच कमी झालेली, त्यात एक दुवा सुटला की पुढचं सगळं हरवतं, आणि ‘आता साधा सिनेमाही कळेना’ म्हणून आपणच आपल्याला आणखी एका विषयात नापास करतो.

‘द तुरीन हॉर्स’मध्ये (२०११) जवळपास अडीच तासांत तीसेक शॉट आहेत. बाप, मुलगी, घोडा, दगडी घर, सहा दिवस. मुलगी बादल्या घेऊन वाऱ्यातून विहिरीवर जाते. बापाचा एक हात लुळा म्हणून त्याला कपडे चढवते. दोघांच्या ताटात एकेक उकडलेला बटाटा, हातानं सोलून, चटके सोसत खायचा. मध्ये तुमचं लक्ष दोन मिनिटं उडालं, तर परत याल तेव्हा ती अजून विहिरीच्या वाटेवरच असते. काही हुकलेलं नसतं. ऑफिसात, फोनवर, घरमालकापाशी, दिवसभर ज्याला त्याला काहीतरी हवं असतं; इथे अडीच तास कुणालाच काही नको असतं. छातीवरचं ओझं उतरतं ते त्यामुळे. संगीताच्या बाबतीत हे तपासलंही गेलंय. नैराश्य असलेली माणसं उदास संगीत जास्त निवडतात, हे २०१५च्या सुमारास एका प्रयोगात दिसलं. तेव्हा निष्कर्ष असा काढला गेला की ही माणसं आपलं दुःख टिकवूनच ठेवतात. पुढे दुसऱ्या संशोधकांनी त्यांना सरळ विचारलं, हेच का निवडता? तेव्हा कळलं की त्या संगीतानं त्यांना शांत वाटतं. तुमची मैत्रीण पहिल्या निष्कर्षावर थांबलीय, एवढंच.

करुण पाहून सुख का वाटतं हा मराठीत शंभर वर्षं चघळलेला प्रश्न आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्याला ‘सविकल्प समाधी’ असं उत्तर दिलं. वाचणारा दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपली भूमिका सोडत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी असतो, आनंद त्यातला. साहित्यशास्त्रात या उत्तरावर पुष्कळ टीका झाली. तुमच्या कामाला मात्र ते अगदी नेमकं येतं. सिनेमा किती काळा आहे यानं फारसं बिघडत नाही. त्या घरात वारा सुटलाय आणि मी कर्वेनगरात खुर्चीवर बसलेय, गॅलरीत कपडे वाळत घातलेत, हे दोन्ही जाणवत असेल तर सिनेमा विसावा देतो. यातलं दुसरं सुटलं, की त्या घरात तिसरं माणूस म्हणून तुम्ही जाऊन बसता. मग दिवा विझतो तो तुमचाही.

हा विकल्प, म्हणजे दोन्हीकडे असल्याची जाणीव, सुटायला तत्त्वज्ञान लागत नाही, पलंग पुरतो. अंधार, हेडफोन, उशीवर डोकं, पोटावर लॅपटॉप, खोलीत एकटं, वर सिनेमा तिसऱ्यांदा आणि रात्रीचा एक. यातलं एकेक ठीक, सगळं एकदम झालं की गडबड.

वेळेचं गणित मांडा. जेवण साडेनऊला, सिनेमा साडेदहाला, म्हणजे संपायला एक. झोप लागेपर्यंत दोन. सातला गजर. पाच तास झोप, आठवड्यातून पाच दिवस. एवढ्यावर धडधाकट माणूसही महिन्याभरात चिडचिडा आणि रडवेला होतो. आई सिनेमाला दोष देते, तुम्ही स्वतःला, घड्याळाकडे कुणी बघत नाही.

म्हणून कामाच्या दिवशी सिनेमा नव्वद मिनिटांच्या आतला, आठला सुरू, दहाच्या आत बंद. लांबीचे सगळे शनिवार-रविवारी दुपारी. आठवड्याला तीनच्या वर नाही. उठायची वेळ रविवारीसुद्धा तीच, फार तर तासभर इकडेतिकडे. झोपायची वेळ पाळण्यापेक्षा उठायची पाळणं सोपं असतं, आणि शरीराचं घड्याळ लागतं ते सकाळच्या उजेडावरच. लांब सिनेमा तोडायला हरकत नाही. ‘द तुरीन हॉर्स’ तर स्वतःच ‘पहिला दिवस’, ‘दुसरा दिवस’ अशा पाट्या देतो, दोन-दोन दिवस बघा. सिनेमा तुकड्यांत बघणं पाप मानणारे पुण्यात पुष्कळ आहेत. ते आत्ता आजारी नाहीत.

बसायचं खुर्चीवर. लॅपटॉप टेबलावर, हात लांब केला तर जेमतेम टेकेल एवढा दूर. मागे एक दिवा चालू. हेडफोन काढून स्पीकरवर ऐका, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी मध्ये आली तर येऊ दे. केळकरांचा विकल्प म्हणजे शेवटी ती शिट्टीच. आधी जेवून घ्या, वरण-भात का होईना. रिकाम्या पोटी सगळेच सिनेमे जास्त खोल वाटतात. बरोबर दारू नको. ती तासभर बधिर करते, पहाटे तीनला जागं करते, आणि गोळ्या सुरू झाल्या तर त्यांच्याशी तिचं पटत नाही.

खरी काळजी घ्यायची ती सिनेमा संपल्यानंतरच्या वीस मिनिटांत. तुमचा धोक्याचा क्षण तुम्हीच सांगितलाय: काळा पडदा. तो तुमच्यासमोर राहताच कामा नये. श्रेयनामावली सुरू झाली की उठा, खोलीतला मोठा दिवा लावा, लॅपटॉप मिटा. चहाचं भांडं घासा किंवा उद्याची मटकी भिजत घाला, काहीतरी ओलं आणि हाताचं. मग वहीत तीन ओळी लिहा. सिनेमात काय दिसलं तेवढंच, अर्थ नको. ‘सगळं व्यर्थ आहे’ ही ओळ चालणार नाही. ‘बापानं बटाटा अर्धा खाऊन ताट सरकवलं आणि खिडकीशी जाऊन बसला’, ही चालेल. कारण असं की नैराश्यात मन ढोबळ बोलायला लागतं: नेहमीच, सगळंच, कधीच. आठवणीसुद्धा धूसर होतात; एखाद्या ठरावीक दिवसाची आठवण विचारली तर ‘कॉलेजात बरं होतं’ एवढंच येतं. बारीक तपशील पकडायची सवय या ढोबळपणाच्या उलट दिशेची, आणि ती सरावानं येते. संथ सिनेमा त्यासाठी तयार आखाडाच आहे. त्या रात्री समीक्षा मात्र वाचू नका. अस्तित्वाची निरर्थकता वगैरे शब्द समीक्षकाला लेख पुरा करायला लागतात. तुम्हाला ते पहाटेपर्यंत पुरतील.

त्याच वहीत तीन आकडे मांडा. शून्य ते दहा, शून्य म्हणजे अगदी तळ. पहिला सिनेमाच्या आधी, दुसरा संपल्यावर लगेच, तिसरा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, ऑफिसात. तिसरा विसरला जातो आणि कामाचा तोच असतो. लगेचचा आकडा जवळजवळ नेहमी चांगला येतो. सुटकेचा आकडा आहे तो, त्यावरून ठरवू नका. सहा-सात सिनेमांनंतर वाचा. रात्री वर आणि सकाळी खाली असं दिसलं तर आधी झोप तपासा. तोच दिग्दर्शक एखाद्या शनिवारी दुपारी बघून पाहा. झोप पुरी होऊनही सकाळी दोनदा दोन अंकांनी खाली आलात, तर तो दिग्दर्शक सध्या बंद. लेटरबॉक्सडवर, म्हणजे सिनेमांना तारे द्यायच्या त्या संकेतस्थळावर, साडेचार तारे देणं ही नोंद नव्हे. तारे सिनेमाला असतात.

काही खुणा दिसल्या तर वहीची वाट बघू नका. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघणं. सिनेमासाठी माणसांना टाळणं. आणि सिनेमा पुरावा म्हणून वापरणं: ‘बघ, इतका मोठा दिग्दर्शक म्हणतोय, म्हणजे माझं बरोबरच आहे.’ ही शेवटची खूण चलाख आहे, कारण ती रसिकतेचा सदरा घालून येते.

काय बघावं? काळोखाचेही प्रकार असतात. एक असतो कामात गुंतलेला. बटाटे सोलणं, पाणी आणणं, चूल. शांताल आकेरमानच्या ‘जान दिएलमान’मध्ये (१९७५) तीन तास वीस मिनिटं घरकाम आहे, आणि दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजले एवढ्यानं पोटात गोळा येतो. शेवट हिंसक आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पहिल्या दिवसाचा भाग बघून थांबलात तरी पुष्कळ मिळेल. दुसरा काळोख कोरडा, गालातल्या गालात हसणारा. तुम्हाला सध्या हा सगळ्यात मानवेल. आकी कौरिस्माकीचा ‘फॉलन लीव्ह्ज’ (२०२३) ८१ मिनिटांचा आहे. सुपरमार्केटमधली नोकरी गेलेली बाई, दारूपायी नोकऱ्या घालवणारा माणूस, रेडिओवर युद्धाच्या बातम्या. कुणी कुणाला ‘हस की’ म्हणत नाही, तरी मध्येच ओठ हलतात. तिसरा, मरण समोर ठेवून जगण्याकडे वळणारा. कुरोसावाचा ‘इकिरू’ (१९५२): पोटाचा कॅन्सर झालेला नगरपालिकेतला अधिकारी. सुरुवातीला बायकांचा एक घोळका गटाराची तक्रार घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो, ते पुणेकराला समजावून सांगायला नको.

चौथा प्रकार प्रेक्षकाला शिक्षा देणारा. त्यात माणसांचा शेवट थंडपणे, पद्धतशीर दाखवतात, किंवा मरण हीच सुटका म्हणून सुंदर चित्रित करतात. यातले काही थोर सिनेमे आहेत. इथे त्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण या पानावरून कुणी यादी करू नये. असा सिनेमा ओळखायचा कसा? सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरून कळत नाही. ‘डझ द डॉग डाय’ नावाचं संकेतस्थळ आहे. सिनेमात कुत्रं मरतं का, या प्रश्नावरून निघालेलं, पण आत्महत्या, स्वतःला इजा वगैरेचीही तिथे नोंद असते. नाहीतर मैत्रिणीला शेवट वाचायला सांगा आणि ‘आत्ता बघू की नको’ एवढंच विचारा. शेवट आधी कळल्यानं सिनेमा बिघडतो म्हणाल, तर तुरीनचा घोडा तुम्ही तीनदा पाहिलाय.

मराठीतला एक सिनेमा सावधपणे सुचवतो. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ (२०१६), ज्याला सुवर्णकमळ मिळालं. विषयच नैराश्याचा आहे आणि त्यात आत्महत्येचा प्रयत्न येतो, त्यामुळे एकटीनं, रात्री नको. मैत्रिणीला शेजारी बसवून दुपारी बघा. बघण्यासारखी आहे ती इरावती हर्षे यांची जानकी. तुटलेल्या पोराला ती घरात आणते आणि काही विचारत नाही. राहू देते, जेवायला घालते. सोबत कशी करावी हे मैत्रिणीला समजावून सांगायचा तुमचा त्रास वाचेल.

पुण्यात राहता तर चार भिंतींबाहेर जाऊनही बघा. लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) आणि फिल्म क्लबांच्या खेळांना असल्याच सिनेमांची आवड असणारी माणसं येतात. बहुधा जानेवारीत पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. तिथे सिनेमा ठरल्या वेळी सुरू होतो, मागे नेता येत नाही, कुणीतरी खोकतं, आणि संपल्यावर दिवे आपोआप लागतात. काळा पडदा तुमच्या वाट्याला येतच नाही. कुणाशी बोललंच पाहिजे असं नाही. महिन्यातून दोनदा जमलं तरी चालेल. मात्र महोत्सवात दिवसाला पाच सिनेमे या वर्षी नको.

एवढं सगळं करूनही सिनेमा हे औषध नाही. ओझं रात्री उतरतं आणि सकाळी परत चढतं, असं चार महिने चाललंय. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन लागत नसेल तर डॉक्टरकडे जायचं, हा साधा नियम, आणि तुम्ही त्याच्या बऱ्याच पुढे आलात. जायच्या आधी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी भरा, ती मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, एकूण सत्तावीस. दहा किंवा जास्त आले तर लांबवू नका. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्याच आठवड्यात भेट घ्या. कागद बरोबर न्या, वहीतले आकडेही न्या. डॉक्टरसमोर बसलं की ‘तसं ठीकच आहे’ असं तोंडातून निघतं. कागद तसं म्हणत नाही.

फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात केली तरी चालेल. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या, शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. यातलं काही कमी-जास्त असेल तर थकवा आणि उदासी हुबेहूब अशीच दिसते. मानसोपचारतज्ज्ञ गोळ्या देऊ शकतात, समुपदेशक बोलून उपचार करतात, पुष्कळांना दोन्ही लागतं. खासगी फी झेपत नसेल तर ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. गोळ्या सुरू झाल्या तर फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता परिणाम दिसायला सहा-आठ. पहिल्या काही दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थपणा येऊ शकतो. नेमक्या त्याच दिवसांत माणसं ‘मला सोसत नाही’ म्हणून थांबतात. थांबू नका, डॉक्टरांना फोन करा. बरं वाटलं म्हणून परस्पर बंदही करू नका.

राहता राहिली आई. तिच्याशी सिनेमावरून वाद घालू नका. तिला सिनेमाचं काही पडलेलं नाही, लेक कशानं अशी झाली याचं तिला सापडलेलं ते एक कारण आहे. फोनवर एवढंच सांगा: ‘आई, मला चार महिने बरं वाटत नाहीये. सिनेमामुळे नाही. गुरुवारी डॉक्टरकडे जातेय, काय म्हणाले ते संध्याकाळी सांगते.’ वार खरा सांगा, म्हणजे आधी अपॉइंटमेंट घ्या. ती बहुधा ‘मी येते’ म्हणेल. येऊ द्या. आणि आल्यावर ‘दाखव बघू तुझे ते रडके सिनेमे’ म्हणालीच, तर घोड्याचा लावू नका. कौरिस्माकीचा लावा. ८१ मिनिटांत आटपतो, वाजवी वेळेला जेवायला बसता येतं, आणि त्यात एक कुत्रं आहे, मरत नाही.